पुरं होईस्तोवर उठू नको

शालूताई,

अठरा टक्के झालंय. सकाळी साडेसातला बसलो, आता नऊ वाजलेत. तुझ्या सापगावच्या घरात, तुझ्याच खोलीत, तुझ्या कम्प्युटरसमोर बसलोय आणि त्याची हार्ड डिस्क पुसतोय. काळ्या पडद्यावर एक पांढरा आकडा आहे, तो पाच-पाच मिनिटांनी एकानं पुढं सरकतो. दुसरं करण्यासारखं काही नाही, म्हणून तुझ्या कपाटातले फुलस्केप कागद काढले आणि लिहायला लागलो. कागद विचारून घेतले नाहीत. आता रागाव.

परवा तुझं तेरावं झालं. माणसं पांगल्यावर तुझ्या वहिनीनं मला ओटीवर बसवलं, चहा दिला आणि तुझा निरोप सांगितला. कम्प्युटर भाच्यांना द्यायचा, पण आधी दिन्याला बोलवून त्याच्याकडनं पुसून घ्यायचा. "आणि त्याला म्हणावं, पुरं होईस्तोवर उठू नको." वहिनीला त्यात काही विशेष वाटलं नाही. ती म्हणाली, "शेवटपर्यंत कामच होतं रे तिच्या डोक्यात." माझा कप हातातच राहिला. तिला वाटलं मला रडू येतंय, म्हणून ती बापडी आत निघून गेली.

रडू नव्हतं आलं ताई. मी पकडला गेलो होतो.

नव्वदीच्या शेवटी मी तुझ्याकडं आलो तेव्हा तू शहापूरला तहसील कचेरीसमोरच्या खोलीत टाइपरायटर घेऊन बसायचीस. माणसं बाकावर बसून आपलं गाऱ्हाणं सांगायची आणि तू त्याचा अर्ज करून द्यायचीस. मी मुरबाडकडचा, कल्याणला कम्प्युटरचा कोर्स करून आलेलो. खिशात सर्टिफिकेट आणि डोक्यात हवा. पहिल्याच दिवशी मी 'तुम्ही' म्हणालो तर म्हणालीस, "तुमी काय रे? मी काय कचेरीतली मॅडम हाय? ताई म्हण आन् अरेतुरे कर, काम लवकर होतं." आणि संध्याकाळपर्यंत माझ्या पहिल्या अर्जात अकरा चुका काढून माझी सगळी हवा काढलीस. आज मला चार ओळी धड लिहिता येतात त्या तुझ्यामुळं, हे मी तुझ्या तोंडावर कधी कबूल केलं नाही.

तुझी एक रीत होती. बाकावरचं माणूस बोलता बोलता अडखळलं, पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागलं, की तू माझ्याकडं न बघता म्हणायचीस, "दिन्या, चहा सांगून ये." चहा सांगायला दोन मिनिटं पुरतात, पण अर्धा तास परत यायचं नाही असा त्याचा अर्थ होता. मी समोरच्या टपरीवर पाय हलवत बसायचो. पहिले सहा महिने मला त्याचा फार राग यायचा. एकदा बोललोच, की विश्वास नसेल तर ठेवलंस कशाला. तू कागद सरळ करत म्हणालीस, "तुझ्यावर इस्वास हाय रे. पण तिनं मला सांगायचं ठरवलंय, तुला नाय."

आणि शनिवारचं ते कार्बन जाळणं. आठवड्याभरात वापरलेले कार्बन पेपर तू खोलीमागं घमेल्यात जाळायचीस, राख होईपर्यंत काडीनं ढवळत उभी राहायचीस. नवे असले तरी जाळायचीस. मी म्हणायचो, ताई, अजून चार वेळा चालले असते की. तू एक कार्बन उजेडाला धरून दाखवलास. त्यावर कुणाच्या तरी नवऱ्याची मारहाण ओळीनं वाचता येत होती. 

म्हणून कम्प्युटर आला, त्याला नारळ फोडला, तेव्हा तुझा पहिला प्रश्न होता, "याचा कार्बन कुठं असतो?" मी खो खो हसलो. याला कार्बन नसतो ताई, म्हटलं, डिलीट मारलं की संपलं. तुझं समाधान झालं नाही. रोज एकदा विचारायचीस, खरंच संपतं का रे, खरंच? शेवटी वैतागून मी कल्याणच्या कम्प्युटरवाल्याला विचारलं. तो माझ्यावर हसला. डिलीट मारल्यावर यादीतलं नाव तेवढं जातं, म्हणाला, मजकूर डिस्कवर जागच्या जागी असतो. नुसतं फॉरमॅट मारलं तरी तसंच. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईल तेव्हाच तो जातो. मी पडेल चेहऱ्यानं येऊन तुला हे सांगितलं. तू एवढंच म्हणालीस, "म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव खोडलं, शेत हाय तिथंच." त्या कल्याणवाल्यानंच मला एक फ्लॉपी दिली होती. ती लावली की डिस्कच्या पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत नुसती शून्यं लिहीत जाते. कम्प्युटर विकताना वापर, म्हणाला होता.

आपलं दुसरं भांडण मात्र मिटलंच नाही. लोक यायचे आणि म्हणायचे, मागचाच अर्ज काढा, नाव तेवढं बदला. मला ते फार सोयीचं होतं. मी एकही फाइल पुसू द्यायचो नाही. तू म्हणायचीस, काम झालं की काढून टाक, आपण लिहून देणारे, साठवून ठेवणारे नाय. मी म्हणायचो, ताई, तू जुन्या जमान्यातली, धंदा असा होत नाही. पाच वर्षांत डिस्क गच्च भरली. ती गच्च मी भरली होती, हे आधी लिहून ठेवतो.

बत्तीस टक्के. वहिनीनं पोहे आणून दिले. "जरा पाय मोकळे करून ये," म्हणाली. नको म्हटलं.

आता खंडेनवमीचं. ते लिहायचं टाळण्यासाठीच बहुतेक इतका वेळ इकडतिकडचं सांगत बसलो.

आपण नवा कम्प्युटर घेतला होता आणि जुना मुरबाडच्या एका क्लासवाल्याला विकला होता. तो दसऱ्याला सकाळी, मुहूर्तावर, टेम्पो घेऊन येणार होता. आदल्या दिवशी खंडेनवमी. तुझ्या घरी विळे-कोयते, नांगर, सगळ्यांची पूजा, म्हणून तू सकाळीच निघालीस. जाताना मी फ्लॉपी लावून दिलेली बघितलीस, पडद्यावरचा आकडा बघितलास आणि दारातून मागं वळून म्हणालीस, "हे पुरं होऊ दे, मग दोन्ही मशिनींची पूजा कर. उशीर झाला तरी चालंल." मी हो म्हणालो.

दुपारी एकपर्यंत बसलो. जुनी मशीन, रखडत चालली होती. घरी पुरणपोळ्या होत्या, मेव्हणे आले होते. कचेरीला सुट्टी, रस्त्यावर माणूस नाही आणि मी त्या आकड्याकडं बघत बसलेलो. मग माझ्या मनानं मला एक सुंदर कारण काढून दिलं. आज हत्यार चालवायचं नसतं. आमच्याकडं आई त्या दिवशी कोयत्याला हात लावू द्यायची नाही, विळीवर भाजी चिरू द्यायची नाही. आणि मी या मशीनला राबवतोय. आज तरी तिला विश्रांती नको? मी बटण दाबलं. मशीन बंद केली, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, हात जोडले. हातसुद्धा जोडले, ताई. कुलूप लावताना समोरचा टपरीवाला म्हणाला, "आज लवकर?" मी म्हटलं, सण आहे. आणि मुरबाडची गाडी धरली.

बंद करताना पडद्यावर बासष्ट होतं. तो आकडा मी कधी विसरलो नाही.

दसऱ्याला सकाळी टेम्पोत मशीन चढवताना तू विचारलंस, "झालं का रे?" मी म्हणालो, "झालं." तू माझ्या हातावर सोनं ठेवलंस आणि मी तुझ्या पाया पडलो.

त्या मागच्या अडतीस टक्क्यांत सुमनबाईंचा कागद होता. त्या कागदाच्या वेळी मी टपरीवर होतो, त्यात काय होतं ते मला फार नंतर कळलं. सुमनबाई आणि त्यांचा नवरा मुरबाडच्या पलीकडच्या डोंगराखालच्या गावातून, दोन गाड्या बदलून, मुद्दाम शहापूरला आले होते. मुरबाडला टाइप केलं असतं तर संध्याकाळच्या आत गावभर झालं असतं, म्हणून. बहिणीची मुलगी त्यांनी जन्मल्यापासून आपली म्हणून वाढवली होती, आणि शाळेसाठी कागद लागत होता म्हणून दत्तकपत्राचा मसुदा करायला आले होते. दीपा तेव्हा आठ वर्षांची. तिला काही माहीत नव्हतं, आणि ती मोठी झाल्यावर आपणच नीट सांगायचं असं त्यांचं ठरलं होतं. चहा सांगून मी परत आलो तेव्हा सुमनबाई डोळे पुसत होत्या आणि तू त्यांना पाणी देत होतीस. काय ते मी विचारलं नाही. तेवढं शिकलो होतो तुझ्याकडनं.

मी वाचलं नाही, पण मुरबाडच्या क्लासनं वाचलं. क्लासवाल्यानं कुठून तरी पुसलेलं परत आणायचं सॉफ्टवेअर मिळवलं आणि पोरांना गंमत दाखवायला आपलीच मशीन निवडली. बघा, गेलेलं कसं परत येतं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पडद्यावर कागद सरकत होते आणि सुमनबाईंच्या गावची एक मुलगी त्या वर्गात बसली होती. त्याच संध्याकाळी पाण्याच्या टाकीवर दीपाला कळलं. हंडा भरायला गेली होती ती.

मग सुमनबाई आल्या. तुला आठवत असेलच, आत सुद्धा आल्या नाहीत, दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "तुमच्या भरवशावर दोन गाड्या बदलून आलो होतो बाई. पोर आता मला आई म्हनत नाय. मावशी म्हनते." तू उठून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "चूक माजी हाय." मी तिथंच, चार हातांवर, प्रिंटरचं झाकण उघडून त्यात डोकं घालून बसलो होतो. प्रिंटरला काही झालं नव्हतं.

त्या गेल्यावर तू खाली बसलीस. मग टाइपरायटरवरचं कापड काढून घडी घातलीस आणि विचारलंस, "त्या दिवशी पुरं झालं होतं ना रे?" एवढंच. आवाजात राग नाही, काही नाही. मी म्हणालो, "झालं होतं ताई." तू माझ्याकडं बघत राहिलीस. मग म्हणालीस, "मंग माज्याच एखाद्या फ्लॉपीतनं गेलं आसंल." तू जवळ कधीच फ्लॉपी ठेवत नव्हतीस, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं.

मला वाटलं, सुटलो. खरं सांगतो, पहिल्यांदा तेच वाटलं. लाज नंतर आली, आणि मग रोज यायला लागली. तू खासगी कागद पुन्हा टाइपरायटरवर करायला लागलीस. शनिवारचं घमेलं पुन्हा सुरू झालं. शहापुरात बोभाटा झाला, की शालूताईकडनं कागद फुटतात. बाकावरची माणसं कमी झाली. एकदा एक बाई आत येऊन तुला बघून तशीच मागं फिरली. मी बघितलं, तूही बघितलंस. तीस वर्षं तू लोकांची गाऱ्हाणी पोटात ठेवलीस आणि माझ्या एका दुपारीनं तुझ्या नावाला काळं लागलं. त्यावर तू काय केलंस, तर खोली माझ्या नावावर करून दिलीस आणि म्हणालीस, आता तू बघ, माझी कंबर दुखते. मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी पेढे वाटले.

तुला कधी कळलं, ते मला माहीत नाही. टपरीवाल्यानं सांगितलं असेल. कदाचित दसऱ्यालाच कळलं असेल माझ्या तोंडावरून. पण मग तू मशीन जाऊ दिली नसतीस, म्हणजे तेव्हा तू माझ्या शब्दावर विसंबलीस. हे जास्त लागतं.

दवाखान्यात मी दोनदा आलो. दुसऱ्यांदा सांगायचं ठरवूनच आलो होतो, एसटीत वाक्यं जुळवत. तुझ्या उशाला बसून मोसंबी सोलली, एकेक फोड साफ केली. तू म्हणालीस, "बोल की." मी म्हणालो, "ऊन फार आहे यंदा." तू डोळे मिटलेस. मोसंबी तशीच राहिली.

बासष्ट. आत्ता दिसतोय. एकला वीस मिनिटं कमी आहेत. वहिनी जेवायला बोलावतेय, ताट इथंच दे म्हटलंय. अक्षर वाईट आलंय, चालवून घे.

त्रेसष्ट.

सकाळी पुसायला लावण्याआधी मशीन एकदा चालू केली होती. तुझ्या फाइली समोर होत्या. माझ्याबद्दल काही लिहून ठेवलं असशील, एखादी शिवी तरी, असं वाटून हात माउसवर गेला होता. शिवी मिळाली असती तर मला बरंच वाटलं असतं. पण मला आठवलं, की तू मला निरोप दिलायस तो पुसायचा, वाचायचा नाही. फ्लॉपीची आता सीडी झालीय, ती घातली आणि सुरू केलं.

एवढं लिहून झोपाळल्यासारखा बसलो होतो. आकडा नव्वदवर आला आणि ओटीवर आवाज आला. कुणी तरी भेटायला आलं होतं. वहिनी म्हणाली, या, बसा. मी आवाज ओळखला. सुमनबाई. तू गेल्याचं त्यांना कालच कळलं, म्हणून आल्या.

त्या वहिनीला सांगत होत्या, "ती मला दर दसऱ्याला भेटाया यायची. मी दारात घेतली नाय कदी. सोनं उंबऱ्यावर ठेवून जायची." मला हे माहीतच नव्हतं, ताई. दसऱ्याला तू कुठं जातेस विचारलं, तर म्हणायचीस, पाहुण्यांकडं. मग सुमनबाई म्हणाल्या, "चूक झाली तिच्याकडनं. पण मनानं वाईट नव्हती. मेल्या मानसावर राग धरू नाय."

पूर्वीचा दिन्या असता तर मागच्या दारानं शेतातून निघून गेला असता. गेलोही असतो. पण उठायचं नव्हतं. तू मला बरोबर खुर्चीला बांधून गेलीस.

मी आतूनच हाक मारली. सुमनबाई आल्या. त्यांचे केस पिकलेत आता. मी बसूनच सांगितलं, उभं राहून सांगायची सोय नव्हती. खंडेनवमी, पुरणपोळी, बासष्ट, माळ, सगळं. ताईचा त्यात काही दोष नव्हता, म्हटलं, तिनं मला बजावलं होतं. वहिनी दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला.

सुमनबाईंनी पडद्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "इतकी वर्सं मी त्या बाईला शिव्या घातल्या. मंग ती का नाय बोलली?" तुला विचारायचं राहून गेलं. तूच सांगायला हवं होतंस, निदान एकदा माझ्या थोबाडीत मारायला हवी होतीस.

मी माफी मागायला लागलो तर त्यांनी हातानं थांबवलं. तोवर मला तुम्ही म्हणत होत्या, एकदम अरेतुरेवर आल्या. "मला नको सांगूस. दीपा आलीय संगती. भायेर आंब्याखाली बसलीय, या घरात पाय टाकत नाय. ऊठ, तिला सांग."

"आत्ता उठता येत नाही," मी म्हणालो. "सात टक्के राहिलेत." त्यांना वाटलं मी टाळतोय. मग वहिनीनंच त्यांना तुझा निरोप सांगितला, शब्दाला शब्द. त्यांनी तो ऐकला, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. म्हणाल्या, "बरं. मी बसते हितंच. तू पळशील."

तेव्हापासून बसल्यात. चहा तिथंच घेतला. मी लिहितोय, त्या आकडा बघतायत. दीपाला काय सांगायचं ते मनात जुळवून बघतोय आणि दर वेळी मोडतंय. ती आता अठराची. तिला काय सांगू, की मला पुरणपोळी खायची होती? पण तेच सांगावं लागेल, कारण तेच झालं होतं. त्यानं काही भरून येईल असं मला वाटत नाही. तुझं नाव तेवढं तिच्या तोंडून नीट निघालं तर बघू.

अठ्ठ्याण्णव. अंगणात कोंबड्या हाकलल्याचा आवाज येतोय, तीच असेल.

नव्याण्णव.

शंभर. खाली एक ओळ आलीय, काम पूर्ण झालं म्हणून. ती दोनदा वाचली. सुमनबाईंना वाचून दाखवली.

बाहेरून पोरीची हाक आली, "मावशी, झालं का गो? गाडी जाईल."

सुमनबाई भिंतीला धरून उठल्या. माझ्याकडं बघतायत.

ताई, आता उठतो.